वाशावरचं डेंड्रोबियम आणि कौलं

जुन्या वाशावर डेंड्रोबियम (झाडाच्या खोडावर वाढणारं ऑर्किड) बांधलं तर लाकूड कुजेल का, असं एकाने विचारलंय. कुजतं, पण सागवान असेल तर अगदी सावकाश. आमचं खानापूरकडचं घर उतरवून स्लॅब घातला, तेव्हापासून वासे आणि मंगलोरी कौलं परड्यात पडून होती. वाशाचे हातभर तुकडे केले, डांबर-रंग लागलेला भाग तासून टाकला (गंजके खिळे ठेवले, सुतळी अडकवायला बरे) आणि रोप बांधलं. मुळांनी लाकूड धरल्यावर सुतळी कुजली तरी बिघडत नाही.

खरी मजा कौलांची. कुंडीसारखी दोन कौलं समोरासमोर बांधून मधल्या पोकळीत कोळसा आणि दोन दिवस पाणी बदलत भिजवलेले सोडणाचे (नारळाच्या सालीचे) तुकडे भरा. माती अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात पाणी निथळून जातं. एप्रिल-मेमध्ये मात्र कौलच पाणी पिऊन घेतं, तेव्हा दोन वेळा शिंपावं लागतं. पत्र्याचे डबे टाळा, उन्हात मुळं भाजतात.

आणि हो, जंगलातली सीतेची वेणी (हेही ऑर्किडच) झाडावरून ओरबाडून आणू नका. रोप नर्सरीतूनच घ्या.