मदत हवी आहे : अपघातस्थळाचा ड्रोनने केलेला नकाशा न्यायालयात टिकण्यासाठी काय करावे?

नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी अभियांत्रिकी महाविद्यालयात सर्वेक्षण हा विषय शिकवतो. आमच्या भागातून राष्ट्रीय महामार्ग जातो आणि त्याच्या घाटउतारावर वरचेवर प्राणांतिक अपघात होतात. अशा अपघातानंतर महाविद्यालयाच्या ड्रोनने घटनास्थळाचे मोजमाप करून देता येईल का, अशी विचारणा स्थानिक पोलीस ठाण्याकडून आमच्याकडे झाली आहे. मोजणीचे शास्त्र मला ठाऊक आहे. परंतु तो नकाशा तपासात आणि पुढे न्यायालयात उपयोगी पडावा यासाठी काय काळजी घ्यावी लागते, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. अपघाताचे दावे चालवणारे वकील, पोलीस खात्यातील मंडळी, न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत काम केलेले तज्ज्ञ आणि प्रशिक्षित ड्रोनचालक यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आजची पद्धत बहुतेकांना माहीत असेल. तपासी अंमलदार दोन पंचांना बोलावून घटनास्थळ पंचनामा करतात, टेपने काही अंतरे मोजतात आणि कच्चा नकाशा काढतात. तोपर्यंत मागे वाहनांची रांग लागलेली असते, म्हणून क्रेन लावून वाहने बाजूला घेण्याची घाई असते आणि तिच्यात टायरचे व्रण, काचांचा सडा, सांडलेले ऑइल असे बरेच काही पुसले जाते. पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकमुळे सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले, तशा प्रसंगी तर टेप कोठून कोठपर्यंत धरायचा हाच प्रश्न पडावा. पंचांना किंवा पोलिसांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. चालू रस्त्यावर उभे राहून, जीव मुठीत धरून ते हे काम करतात, आणि ड्रोन वापरावा असे मला वाटते त्याचे एक कारण हेही आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने टिपेकनू परगण्याच्या पोलिसांबरोबर ड्रोनने मोजण्याची पद्धत राबवली असून, तेथे प्रत्यक्ष उड्डाणाला काही मिनिटेच लागतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. एक इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा कॅमेरा ३० मीटर उंचीवर नेल्यास छायाचित्रातील एका बिंदूत जमिनीवरचे साधारण ८ मिलिमीटर येतात. लगतच्या छायाचित्रांत ७५ ते ८० टक्के भाग सामाईक ठेवून ती संगणकावर जुळवली, की प्रमाणबद्ध सलग चित्र आणि उंचसखलपणाचे प्रारूप मिळते. साध्या ड्रोनमधील जीपीएस जागेबाबत काही मीटरनी चुकू शकते. म्हणून रस्त्यावर ठळक खुणा ठेवून त्यांची परस्पर अंतरे टोटल स्टेशनने (अंतर व कोन मोजणाऱ्या सर्वेक्षण उपकरणाने) किंवा निदान पोलादी टेपने स्वतंत्रपणे मोजण्याचा आमचा विचार आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून मांडतो, कारण ड्रोनमुळे वाहनाचा वेग अचूक कळेल अशी अपेक्षा आमच्याकडे व्यक्त झाली आहे. चाके जाम होऊन उमटलेला व्रण २० मीटरचा असेल आणि टायर व रस्ता यांतील घर्षणांक ०.७ धरला, तर सपाट रस्त्यावर, वाहन व्रणाच्या शेवटी थांबले असे मानून, ब्रेक लावतानाचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर निघतो. व्रण मोजताना एक मीटरची चूक झाली, तरी उत्तर ताशी दीड किलोमीटरनेच बदलते. पण घर्षणांक ०.७ ऐवजी ०.६ धरला, तर तोच वेग ५५ वर येतो. म्हणजे मिलिमीटरपर्यंत नेमका नकाशा हाती असूनही वेगाचा अंदाज ढोबळ राहू शकतो, आणि घर्षण मोजण्याची काही सोय त्याच दिवशी, त्याच जागी करणे अधिक महत्त्वाचे ठरते. शिवाय एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या वाहनांचे व्रण इतके पुसट असतात की वरून ते दिसतीलच याची खात्री नाही. घर्षण मोजण्याची सुटसुटीत आणि न्यायालयाने ग्राह्य मानलेली पद्धत आपल्याकडे कोणी वापरली आहे का?

आता मुख्य अडचणीकडे येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र लागते, त्याचा नमुना अनुसूचीत दिला आहे आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे पडताळण्यासाठी संगणकाने काढलेला सांकेतिक ठसा, नोंदवावे लागते. त्याचा एक भाग अभिलेख सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्याआधीच्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या, मुळात जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात ठामपणे सांगितली होती, त्यामुळे येथे ढिलाई चालणार नाही. आमच्या बाबतीत पहिला भाग कोणी भरायचा, ड्रोन उडवणाऱ्या प्राध्यापकाने की तपासी अंमलदारांनी? मेमरी कार्ड पंचांसमक्ष जागेवरच सीलबंद करून त्याची प्रत आम्ही वापरावी, असे मला योग्य वाटते. पण हॅश मूल्य जागेवरच काढणे व्यवहारात जमते का?

त्याहून अवघड प्रश्न असा की मूळ छायाचित्रे ही एक गोष्ट आणि सॉफ्टवेअरने त्यांतून तयार केलेला नकाशा ही दुसरी. नकाशात प्रक्रिया आहे, निवड आहे, त्रुटीची मर्यादा आहे. तो नुसता अभिलेख मानला जाईल, की कलम ३९ खालील तज्ज्ञाचे मत मानले जाऊन तो तयार करणाऱ्याला साक्षीसाठी पिंजऱ्यात उभे राहावे लागेल? तसे असल्यास आमची तयारी आहे. मात्र सर्वेक्षणाच्या प्राध्यापकाला न्यायालय तज्ज्ञ मानते का, हे आधी कळायला हवे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे, परंतु हयगयीने झालेल्या मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा साधारणपणे पाच वर्षांची असल्याने असे बहुतेक अपघात त्या तरतुदीबाहेर राहतात. त्यामुळेच स्थानिक पातळीवर विश्वासार्ह व्यवस्था उभी राहणे मला निकडीचे वाटते.

रात्रीच्या अपघातांचे काय करावे, याबद्दलही सल्ला हवा आहे. रात्री पुरेशा प्रकाशाअभावी छायाचित्रे नीट जुळत नाहीत, आणि उजाडेपर्यंत वाहने रस्त्यात ठेवता येत नाहीत. वाहने हलवण्यापूर्वी प्रत्येक चाकाची जागा आणि व्रणांची दोन्ही टोके रंगाच्या फवाऱ्याने आखून त्यांना क्रमांक द्यावेत, त्याच क्रमांकांचा उल्लेख पंचनाम्यात करावा आणि सकाळी ड्रोन उडवावा, असा मार्ग मला सुचतो. अशा नकाशात वाहने नसली तरी तो पंचनाम्याशी जोडलेला राहील. बचाव पक्षाच्या वकिलांनी अशा आखणीवर उलटतपासणीत कोणते आक्षेप घेतलेले आहेत, हे कोणी सांगितले तर फार उपयोग होईल. पावसाळ्यात, घाटातल्या वाऱ्यात आणि धुक्यात मात्र ड्रोन न उडवता टेपनेच मोजावे, असे माझे मत आहे.

परवानगीबाबत ड्रोन नियम, २०२१ मी वाचले आहेत. आमचा ड्रोन २५० ग्रॅम ते २ किलो या सूक्ष्म गटातला आहे आणि जागा हिरव्या क्षेत्रात येते, जेथे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. या गटात अव्यावसायिक वापरासाठी चालक प्रमाणपत्राची सक्ती नाही. पोलिसांसाठी विनामूल्य केलेले काम अव्यावसायिक समजावे का? माझ्या मते वाद नको म्हणून प्रमाणपत्रधारक चालकच नेमावा.

या सगळ्यामागची माझी खरी कळकळ वेगळी आहे. आपल्याकडच्या फिर्यादींत ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द ठरल्यासारखे येतात आणि तपास चालकापाशी थांबतो. पुष्कळदा चालक दोषी असतोही. परंतु रस्त्याच्या रचनेची मोजमापे पंचनाम्यात येतच नाहीत, म्हणून रस्त्याचा दोष कधी तपासलाच जात नाही. ड्रोनच्या प्रारूपात वळणावर बाहेरच्या कडेला दिलेला उठाव, दुभाजकातील बेकायदा फट, मध्येच संपणारा सुरक्षा कठडा, झाडीने अडलेली दृष्टी हे सारे आपोआप नोंदले जाते. ७ मीटर रुंद रस्त्यावर ७ टक्के उठाव म्हणजे दोन कडांत ४९ सेंटीमीटरचा फरक. उंचीत ३ सेंटीमीटरची चूक गृहीत धरली, तरी तो दिलेला आहे की नाही हे नक्की सांगता येते. सदोष रचनेमुळे मृत्यू झाल्यास कंत्राटदार व रस्त्याची जबाबदार यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८-अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. या कलमाखाली ड्रोनची मोजणी वापरून कोणी कारवाई मागितली आहे का, आणि अशी मोजणी दोषारोपपत्रासोबत जोडावी की जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे स्वतंत्र अहवालाने द्यावी?

शेवटचा मुद्दा मृतांच्या कुटुंबीयांचा. मोटार वाहन नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीनुसार तपशीलवार अपघात अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. नकाशा त्याला जोडला, तर भरपाईसाठी झगडणाऱ्या घरच्या माणसांनाही त्याची प्रत मिळावी, अशी माझी इच्छा आहे. मृतदेह हलवल्याशिवाय किंवा झाकल्याशिवाय उड्डाण करायचे नाही आणि एकही छायाचित्र विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर जाऊ द्यायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. याखेरीज कोणती बंधने लेखी घालून घ्यावीत? पोलीस ठाणे आणि शैक्षणिक संस्था यांच्यातील अशा कराराचा किंवा ड्रोन मोजणीचा उल्लेख असलेल्या पंचनाम्याचा नमुना कोणाकडे असल्यास, नावे व गुन्हा क्रमांक वगळून तो येथे द्यावा, ही विनंती.