उंदीर चांगला की उंदीर वाईट? प्राण्यांच्या गोष्टीतले न पटणारे खलनायक

डोंबिवली_स्लो :

मंडळी, एक शंका आहे. लेक नऊ वर्षांची, चौथीत, मराठी माध्यम. रात्री जेवणं उरकली की अर्धा तास मी तिला वाचून दाखवतो. पुस्तक इंग्रजी असलं की डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडाने मराठी, अशी माझी कसरत चालते. मागच्या महिन्यात फोर्टच्या फुटपाथवर ८० रुपयांत ब्रायन जेक्सचं ‘रेडवॉल’ मिळालं. १९८६चं पुस्तक. हा लिव्हरपूलचा बाबा दूध टाकायचा, आणि त्याच्या फेरीत एक अंधशाळा होती, तिथल्या मुलांसाठी त्याने ही गोष्ट लिहिली. म्हणून त्यात वास आणि चवी नुसत्या ओसंडून वाहतात. मेजवानीचं प्रकरण वाचलं की लेक रात्री साडेनऊला पुन्हा भूक लागली म्हणते.

पण पहिल्याच रात्री गाडी अडली. मठात राहणारे सज्जन ते ‘माइस’ आणि मठावर चाल करून येणारे दुष्ट ते ‘रॅट्स’. आता मराठीत दोघेही उंदीरच की! आधी ‘छोटे उंदीर, मोठे उंदीर’ करून पाहिलं. तर लेक म्हणते, “बाबा, म्हणजे मोठा झाला की उंदीर वाईट होतो का?” मग ‘घूस’ केलं. पण घूस म्हटल्यावर तिला आमच्या बिल्डिंगच्या गटारातली, पावसाळ्यात पार्किंगमधून तुरुतुरु पळणारी आठवते. ती हातात भाला घेऊन किल्ला कशी लढवणार? पुढे ‘वीझल’ (लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी) आला, त्याला मी मुंगूस केलं. झालं! मुंगूस दिसलं की शुभ, ते साप मारतं, ते वाईटांच्या टोळीत कसं, यावर वाद.

त्या वादात मलाच जाणवलं की या पुस्तकातला चांगलावाईटपणा इंग्रजीतल्या दोन शब्दांवर उभा आहे. ते काढून घेतले की खाली फार काही उरत नाही. सरदार क्लुनी. एक डोळा गेलेला, लांब शेपटीच्या टोकाला विषारी काटा. दिसायला झकास. पण तो दुष्ट का? रॅट आहे म्हणून. त्याची अख्खी फौज दुष्ट का? तेच. शेकडोंमध्ये एकालाही वाटत नाही की चला, हत्यार टाकून मठात जाऊ, तिथे जेवण बरं मिळतं.

आणि कथानकातली भोकं! क्लुनीची फौज येते ती गवताने भरलेल्या गाडीतून, आणि गाडीला घोडा. माणसांच्या मापाचा. मग ती माणसं कुठायत? पुढे या जगात घोड्याचा पत्ता नाही. मठात चीजचे डोंगर, पण गाय नाही. दुधाचं काय, तर ‘ग्रीनसॅप मिल्क’ नावाचं काहीतरी, म्हणजे बहुधा झाडाच्या चिकाचं. तळ्यातला मासा मात्र सगळे मिळून पकडतात आणि मिटक्या मारत खातात. त्याला बोलता येत नाही, सुटले.

सगळ्यात मोठं भोक वेढ्यात. क्लुनी झाडावरून तटावर फळी टाकतो, दारावर ओंडके आदळतो, भुयार खणतो, लाकडी मनोरा उभा करतो. शंभर-सव्वाशे पानं सगळं फसतं. शेवटी काय करतो? प्लम्पेन नावाच्या एका डॉरमाउसची (हाही उंदीरच, घ्या!) बायकापोरं ओलीस धरतो आणि त्याच्याकडून आतून दार उघडून घेतो. अरे, मग हे आधी का नाही सुचलं? इतका धूर्त म्हणून सांगितलाय ना?

तर तुम्हाला प्राण्यांच्या गोष्टीतला कुठला खलनायक खरंच पटला? की मीच उगाच चिकित्सा करत बसलोय?

खडूस_काका :

चिकित्साच करताय. लहान मुलांच्या गोष्टीला कसलं आलंय लॉजिक? ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’मध्ये म्हातारी भोपळ्यात बसून जाते, तेव्हा कुणी विचारलं का की भोपळा केवढा होता? ऐकायचं आणि झोपायचं.

भोपळ्यातली_म्हातारी :

काका, नाव माझं घेतलंत म्हणून बोलते. भोपळ्याचं माप कुणी विचारत नाही हे खरं. पण वाघ म्हातारीला लगेच का खात नाही, हे प्रत्येक पोर विचारतं, आणि गोष्टीत त्याचं चोख उत्तर आहे. “लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.” वाघ हिशेब करतो. आत्ता हाडं चघळण्यापेक्षा आठवड्याने भरपूर मांस. तो मूर्ख नाही, हावरा आहे, आणि हावरेपणामुळेच फसतो. तुमच्या क्लुनीला लेखकाने लागेल तेव्हा हुशार आणि लागेल तेव्हा मठ्ठ केलंय. मुलांना भोपळा चालतो, हे चालत नाही.

विदर्भ_एक्सप्रेस :

राजेहो, खलनायक पाहायचा तर आमच्या बाजूचा पाहा. शेरखान! नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की शिवनी लागते, तोच किपलिंगचा मुलूख. पुस्तक ‘जंगल बुक’, १८९४चं. सिनेमा विसरा. तो गाणारा ओरांगउटान १९६७च्या सिनेमातला, पुस्तकात नाही, आणि आपल्या जंगलातही नाही. तो राहतो सुमात्रा-बोर्निओत.

पुस्तकातला शेरखान एका पायाने जन्मापासून अधू. त्याची आईच त्याला ‘लंगडी’ म्हणायची. म्हणून त्याला हरणं झेपत नाहीत, तो गुरं मारतो. गुरं मारली म्हणून वैनगंगेकाठची माणसं चिडली, म्हणून तो लांडग्यांच्या टेकडीकडे सरकला. बस, तीन वाक्यांत अख्खा खलनायक. नरभक्षक वाघाची खरी गोष्ट ऐकली तरी बऱ्याचदा अशीच निघते : जखम, म्हातारपण, तुटका दात.

आणि मरतो कसा? सकाळी डुक्कर खाऊन, वर पोटभर पाणी पिऊन नाल्यात पडलेला असतो. मोगली दोन्ही तोंडांनी म्हशी घालतो. भरल्या पोटी चढण चढवत नाही. त्याचा स्वभाव त्याला नडला. तुमच्या क्लुनीचं काय होतं ते आठवा, डोक्यावर घंटा पडते!

न्यूबरीकर :

मी इथे इंग्लंडात न्यूबरीजवळ राहते, त्यामुळे मला ‘वॉटरशिप डाउन’ या सशांच्या कादंबरीबद्दल बोलणं भाग आहे. ही टेकडी खरी आहे. वर चढलं की खडूमिश्रित माती, आखूड गवत आणि बुटांत शिरणारा वारा. गोष्ट सुरू होते ती सँडलफर्डला. घरं बांधायची म्हणून तिथली सशांची वसाहत उद्ध्वस्त होते, अशी ती १९७२ची गोष्ट. २०२२मध्ये त्या भागात खरोखरच घरांना परवानगी मिळाली.

तर त्यातला जनरल वूंडवर्ट. तोही ससाच! जातीवर काही नाही. बापाला माणसाने गोळी घातली, जखमी आईला पिल्लासमोर वीझलने मारलं (तुमचं मुंगूस, सॉरी), मग एका माणसाने पाळला. त्याच्या डोक्यात एकच की पुन्हा कुणी आपल्याला पकडता कामा नये. म्हणून त्याने एफ्राफा नावाची अशी वसाहत उभारली की बाहेरून कुणी शोधू शकणार नाही आणि आतून कुणी जाऊ शकणार नाही. पण गर्दी इतकी की माद्यांच्या पोटात पिल्लं जिरून जातात. सशांमध्ये हे खरंच होतं. लेखकाने त्यासाठी आर. एम. लॉकलींचं सशांवरचं पुस्तक वापरलंय.

मला सगळ्यात आवडणारी जागा शेवटाकडे आहे. टेकडीवरच्या सशांचा म्होरक्या हेझल लंगडत त्याला भेटायला येतो आणि म्हणतो, भांडण कशाला, दोघांच्या मधोमध नवी वसाहत करू, दोन्हीकडचे ससे राहतील. क्षणभर वूंडवर्टला ते दिसतं. आणि तो नको म्हणतो. खलनायक तिथे ठरतो, जन्मताना नाही.

भोकं इथेही आहेत हां. चारच्या पुढे मोजता न येणारे ससे नावेतून पळण्याचा बेत कसा आखतात? आणि सगळे नर घर सोडून निघाले, टेकडीवर पोचल्यावर यांना आठवतं की माद्या आणायच्या राहिल्या. माझी आई म्हणाली, “पुरुषांनी लिहिलंय ना?”

जाता जाता : जेक्सलाही भोकं बुजवायची हौस होती. ‘रेडवॉल’मध्ये सेंट निनियनचं चर्च आहे, म्हणजे माणसांचा संत. १९८८च्या ‘मॉसफ्लॉवर’मध्ये खुलासा येतो की ती इमारत निनियन नावाच्या उंदराची नाहीच. ‘धिस एन्ट निनियन्स’ (This ain't Ninian's), म्हणजे ‘हे निनियनचं नाही’, अशी पाटी होती, पावसापाण्याने सुरुवातीची अक्षरं गेली आणि उरलेल्यातून ‘सेंट निनियन’ झालं. असली लबाडी मला मान्य आहे.

डोंबिवली_स्लो :

न्यूबरीकर, पाटीचं आज रात्रीच सांगतो. मालिकेत पुढे कुणी चांगला रॅट येतो का? हिला तेवढंच हवंय.

न्यूबरीकर :

‘द बेलमेकर’मध्ये (१९९४) ब्लॅगट नावाचा समुद्री चाच्या आहे, रॅटच. मठातल्या पिल्लांशी त्याची गट्टी जमते आणि तो सुधारतो. बावीस पुस्तकांत असे सापडतात ते हाताच्या बोटांवर. ‘आउटकास्ट ऑफ रेडवॉल’ (१९९५) मात्र तिला इतक्यात देऊ नका. त्यात मठात वाढलेलं फेरेटचं (वीझलच्या जातकुळीतलं) पोर आहे. विषप्रयोग करतं, हाकललं जातं, आणि शेवटी ज्या उंदरीणीने वाढवलं तिला वाचवताना मरतं. आणि तीच शेवटी म्हणते की तो वाईटच होता. माझ्या मुलाने पुस्तक पलंगाखाली फेकलं होतं.

खडूस_काका :

फेकलं ते बरोबर केलं. (हे मी बोललो असं कुणाला सांगू नका.)

डोंबिवली_स्लो :

काल संपलं. मठातला नायक उंदीर मथायस तलवारीने दोर कापतो आणि ती प्रचंड घंटा क्लुनीवर कोसळते, तिथपर्यंत माझा आवाज पार चढला होता. वाचून थांबलो. क्लुनीबद्दल एक शब्द नाही.

“बाबा, घंटा फुटली?”

फुटली, म्हटलं. मग तिची धातू वितळवून दोन नव्या घंटा ओततात, तेही वाचलं. त्यांची नावं दोनदा विचारून घेतली आणि कूस बदलून झोपली.