'चार्लीज आंट' इंग्रजांच्या काळात कशी फिरली, आणि मराठीत इतकी उशिरा का आली?

दुसरी घंटा:
आमच्या हौशी मंडळात यंदा 'मोरूची मावशी' बसतेय आणि मावशी मी करतोय. नऊवारीत जिना कसा चढायचा इथपासून तालीम चालू आहे. अत्र्यांनी ज्यावरून ते घेतलं, ते ब्रँडन टॉमस यांचं 'चार्लीज आंट' १८९२ चं: जॅक आणि चार्ली या मित्रांसाठी त्यांचा दोस्त बॅबर्ली बायकी वेशात चार्लीची खोटी मावशी बनतो, ते प्रहसन. २९ फेब्रुवारीला बरी सेंट एडमंड्समध्ये पहिला प्रयोग, डिसेंबरात लंडन, आणि तिथे १,४६६ प्रयोग! मराठीत मात्र मावशी आली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' १८९० लाच केला होता. मग हे एवढं लोकप्रिय प्रहसन पन्नासेक वर्षं कुठे अडलं? वसाहतींत ते जात तरी कसं होतं?

विंगेतला:
जात होतं बोटीने. एखादा नट वसाहतींपुरते हक्क घ्यायचा आणि आपली मंडळी घेऊन निघायचा. फ्रँक थॉर्नटन हे नाटक घेऊन ऑस्ट्रेलियात गेला तो असाच. पुढे मॉरिस बँडमनने कलकत्त्यात ठाण मांडून जिब्राल्टरपासून जपानपर्यंत इंग्रजी नाटक मंडळ्या फिरवल्या. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस उभारण्यातही तो होता.
फिरतीला हे नाटक सोयीचं. तीन अंक, तीन स्थळं, दहा पात्रं. शिवाय त्यातला जॅकचा बाप कर्नल सर फ्रान्सिस हा हिंदुस्थानातली नोकरी करून परतलेला. छावणीतल्या प्रेक्षकाला तो आपल्यातलाच वाटणार.

रंगपटातली पेटी:
उशीर का झाला, याबद्दल माझं एक ठाम मत आहे. माझे आजोबा एका लहान संगीत मंडळीत स्त्रीपार्टी करायचे. त्यांची पेटी अजून माझ्याकडे आहे: गंगावन, खोटी नथ आणि खांद्यावर पदर टिकावा म्हणून शिवलेली पट्टी. भूमिकेत असताना कुणी हसलं, तर ते रात्रभर त्यांच्या जिवाला लागायचं. लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे त्यांच्या प्रेक्षकाला नायिका. तिथे हसण्यासारखं काही नव्हतंच! बालगंधर्वांची नेसण बघून बायका घरी तशा नेसायच्या.
आता त्या रंगभूमीवर 'चार्लीज आंट' ठेवून बघा. नायिका किटी पुरुष, दुसरी नायिका एमी पुरुष, खरी मावशी डोना लुसियाही पुरुष. मग खोटी मावशी ओळखायची कशी? विनोदच उभा राहत नाही. साहेबाच्या मंडळ्यांत नट्या होत्या, सिमल्याच्या गेइटी थिएटरात अंमलदारांच्या बायका स्वतः काम करायच्या, म्हणून त्यांच्याकडे तो विनोद चालला. आपल्याकडे १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा'मध्ये बायकांच्या भूमिका बायकांना दिल्या, आणि त्यानंतर हळूहळू रीत पालटली. मावशीला जागा झाली ती तेव्हा.

ढोलकीवाला पाटील:
संगीत नाटकापुरतं मान्य. पण तमाशाची गवळण विसरू नका. गवळणी खऱ्या बायका आणि त्यांच्यासोबत बाजाराला निघालेली मावशी म्हणजे पुरुष, पदर खोचून, ठसक्यात बोलणारी. कृष्ण वाट अडवतो तेव्हा सगळ्यात जास्त हशा तीच घेते. गावच्या माणसाला हा विनोद कुणी बोटीने आणून द्यायची गरज नव्हती. अडलं होतं ते शहरातल्या पडद्यामागे.

दुसरी घंटा:
पाटील, हे लक्षातच आलं नव्हतं, आणि नावसुद्धा मावशीच!
पेटीवाल्या काका/काकू, तुमचं वाचल्यावर आज तालमीत एक बदल केला. मी आतापर्यंत सगळा जोर बायकी चालीवर देत होतो. मूळ नाटकात बॅबर्ली सिगार ओढताना पकडला जाता जाता वाचतो, म्हणजे आतला पुरुष सतत दिसायला हवा. मग आज पहिल्या प्रवेशात मी नऊवारीत पाय फाकवून बसलो, समोरून खरी नायिका आली आणि मी दचकून गुडघे जुळवले. कोपऱ्यात चहा घेऊन उभा असलेला पोरगा हसला. त्याने याआधी आमची तालीम वीस वेळा पाहिली होती.
काका/काकू, खांद्याच्या त्या पट्टीचा फोटो टाकाल का? माझा पदर दुसऱ्या अंकात हमखास सुटतो.