सोफ्याचं कापड: दमट हवा आणि घरात मांजर

नारळीबाग: रत्नागिरीत सुताराकडून सागवानी सोफा करून घेतोय. गाद्यांना कापड कुठलं? आई म्हणते रेक्झिन, पुसलं की झालं. हिला हातमागाचं सुती हवंय. मांजरीला कुणी विचारलेलं नाही.

शिवणदोरा: कुशनकाम हाच माझा धंदा. दमट हवेत स्वस्त पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या) रेक्झिनचे पापुद्रे सुटतात, आईंना तेवढं सांगाच. सुतीला पावसाळ्यात बुरशी धरते. घट्ट विणीचं पॉलिस्टर मखमल घ्या, नख अडकायला फंदा नसतो. नमुन्याच्या मागे ‘मार्टिंडेल’ आकडा असतो, म्हणजे कापड किती वेळा घासलेलं सोसतं त्याची चाचणी. रोजच्या बैठकीला 25,000च्या वरचं बघा. आणि मखमलीची लव सगळ्या गाद्यांवर एकाच दिशेला हवी! नाहीतर एकाच ताग्यातल्या दोन गाद्या वेगळ्या रंगाच्या दिसतात, मग गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं.

ओसरी: खोळींना चेन लावून घ्या. आमच्याकडे शिवून बंद केल्यात, धुवायची सोयच नाही.

नारळीबाग: चेन नक्की. सुती अगदीच नको का? हिला काय सांगू?

शिवणदोरा: उशांचे अभ्रे करा सुती. काढून धुता येतात, वहिनींचंही मन राहील.

नारळीबाग: आणि रंग?

शिवणदोरा: मांजर कुठल्या रंगाची आहे?