गेन (सिग्नल किती वाढवायचा ती पातळी) फुल्ल, तरी एफटी-८ चे (हौशी रेडिओवरचा डिजिटल संदेशांचा मोड) डिकोड (वाचता आलेले संदेश) दोन-चारच. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेऊ का?

लांबवायर: अपकन्व्हर्टर (कमी फ्रीक्वेन्सी वर सरकवणारा जोड) लावून आरटीएल डोंगलवर (संगणकाच्या यूएसबीत बसणारा स्वस्त रिसीव्हर) १४.०७४ मेगाहर्ट्झ ऐकतोय. अँटेना म्हणजे खिडकीबाहेर ताणलेली वायर. गेन ४९.६ वर नेला की वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारं पडद्यावरचं सरकतं चित्र) नुसता पेटतो, पण डिकोड दोन-चारच. गेन उतरवला की चित्र मरगळतं.

खरखर: एलएनएचं राहू द्या. वॉटरफॉल पेटला म्हणजे सिग्नल आला असं नव्हे; गेन वाढवला की नॉइजही तेवढाच वर येतो. त्यात हा आठ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे बनवणारी चिप), क्षीण आणि दणदणीत सिग्नल एकाच वेळी झेलायची त्याची कुवत मुळात ५० डीबीच्या (डेसिबल) आसपास. शेजारच्या बँडवरचं एखादं दणदणीत प्रसारण केंद्र घुसलं की तो ठार बहिरा होतो, आणि नसलेल्या जागी भुतं (खोटे सिग्नल) दिसायला लागतात.

असं करा. एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद. गेन खाली आणून, अँटेना काढून नॉइजची रेघ (पडद्यावरची नॉइजची पातळी) बघा, मग अँटेना लावून बघा. एकेक पायरी चढत हेच करा. अँटेना लावल्यावर रेघ साधारण १० डीबी उचलली गेली की थांबा. तिथे रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजपायी अर्धा डीबीसुद्धा जात नाही, मग आणखी गेन कशाला?

लांबवायर: २८.० वरच १० डीबी मिळाले! डिकोडही भराभर यायला लागले. गंमत म्हणजे लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि रेघ आणखी ७ डीबी खाली बसली.

खरखर: बघा, ७ डीबी फुकटात. आता घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करत जा. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) लढाई बाहेरच्या नॉइजशी असते आणि एलएनए तोही इमानेइतबारे वाढवून देतो.

दोनमीटर: पण १४४ मेगाहर्ट्झवर मला एलएनएने चांगलाच फरक पडला.

खरखर: पडणारच. तिथे आकाश बरंच शांत, म्हणून रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज आड येतो. फक्त एलएनए अँटेनापाशी हवा. आधी केबलमध्ये ३ डीबी गेले तर ते थेट नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतः किती नॉइज घालतो त्याचं माप) जमा. नंतर कितीही वाढवा, परत मिळत नाहीत.

लांबवायर: डिकोडमध्ये -२१ डीबी दिसतं. नॉइजच्या इतक्या खालचं कसं काय वाचतो?

खरखर: तो आकडा २५०० हर्ट्झमधल्या नॉइजशी तुलना करून काढलेला असतो. एफटी-८ चा सिग्नल जेमतेम ५० हर्ट्झ रुंद. तेवढ्याच पट्टीतला नॉइज धरला तर १७ डीबी वाचतात, म्हणजे खरं गुणोत्तर -४ च्या आसपास. उरलेलं काम एरर करेक्शनचं (संदेशातल्या चुका दुरुस्त करणारं गणित). २०१७ मध्ये हा मोड आणणाऱ्या फ्रँके-टेलर जोडीतले टेलर म्हणजे पल्सारवाले (पल्सार म्हणजे नियमित रेडिओ स्पंद पाठवणारे तारे) नोबेल विजेते जो टेलर, तेव्हा क्षीण सिग्नल हा त्यांचा जुनाच धंदा.

आणि डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना बघत जा. सगळ्याच स्टेशनांसमोर १.५ सेकंदांच्या आसपास आकडे दिसले तर तुमच्या संगणकाचं घड्याळ सरकलंय. ते आधी एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) जुळवा.