मदत हवी आहे: सौर पंपाचं पाणी वरच्या वावरात चढत नाही

नमस्कार मंडळी. आमचं शेत अकोले तालुक्यात डोंगरउतारावर आहे, तिथे विजेची लाईन नाही. यंदा सरकारी योजनेत ५ टक्के हिस्सा भरून ३ एचपीचा सौर पंप मिळाला. विहिरीवर पाण्याची धार पाहून आई रडली, इतकी वर्षं डिझेल डोक्यावरून नेलंय आम्ही.

अडचण वरच्या वावराची आहे. सकाळी ११ ते २ पाणी जोरात येतं. तीननंतर मोटर फिरते, पण पाईपाच्या तोंडाशी नुसता फसफस आवाज. काल पाईपाला कान लावून बसलो, पाणी अर्ध्यावर येऊन थबकतं.

विहिरीत पाणी ४५ फुटांवर, तिथून वावर ७० फूट उंच आणि २ इंची पाईप ६०० फूट. म्हणजे ११५ फूट, सुमारे ३५ मीटर, पाईपातल्या घर्षणाचा अडथळा वेगळाच. पंपावर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, ३० मीटर लिहिलंय. बसवणाऱ्यांनी उंची मोजलीच नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता ५० मीटर हेडचा पंप बदलून मागावा, की अडीच इंची पाईप टाकून भागेल? पॅनल वाढवले तर कंट्रोलरला (पॅनलची वीज मोटरला देणाऱ्या पेटीला) झेपतील का? मध्ये टाकी बांधून दोन टप्प्यांत पाणी चढवलंय का कुणी? टोमॅटो फुलावर आलाय, लवकर सांगा.