भावाची गोळी आणि धडधड : दोन्हींवर एकत्र उपचार कुठे?

केतकी_क :
धाकटा भाऊ, वय 32. चार वर्षांपूर्वी लोकलमध्ये छाती धडधडली, जीव जातोय असं वाटलं. ईसीजी नॉर्मल. तेव्हा पाव मिलिग्रॅमची अल्प्राझोलाम, म्हणजे भीती-चिंता शमवणारी गोळी, सुरू झाली. आता दिवसाला सहा-सात घेतो, जुनी चिठ्ठी दाखवून आणतो. एका व्यसनमुक्ती केंद्रात म्हणाले, 'आधी गोळी सुटू दे, मग भीतीचं बघू.' पण गोळी चुकली की भीतीच उसळते, मग सोडणार कशी? वर तो म्हणतो, 'मी काय गर्दुल्ला आहे का?' ठाणे-पुण्याकडे कुणी सुचवाल?

रानवाट :
ताई, गोळ्या एकदम बंद करू देऊ नका, फिट येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या, महिने लागले तरी चालतील. लपवून वगैरे तर मुळीच ठेवू नका.

मुचकुंद :
मी समुपदेशक आहे. 'आधी हे, मग ते' मला पटत नाही. भीतीपोटीच गोळी लागते ना? सुरुवात मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगने व्हावी. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या रुग्णांसाठी मांडलेली ही पद्धत. उपदेश नाही. 'गोळी तुला काय देते, काय हिरावते?' असं विचारत गोळी सोडण्याचं कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं. 'गर्दुल्ला' म्हणणाऱ्या मुलाशी वाद घातला तर तो परत यायचा नाही.
मग सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. त्यात जागच्या जागी धावायला लावून धडधड मुद्दाम आणतात. ती आपोआप ओसरते हे शरीराला कळलं की डोस उतरताना होणारी धडधड 'आता मरतो' अशी वाटत नाही. म्हणून डोस कमी करणं आणि ही सत्रं जोडीने चालावीत. डॉक्टर आणि समुपदेशक एकमेकांशी बोलतात का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

शुभदा_ठाणे :
ठाण्यात आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत चौकशी करा, विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर त्यांचं मराठीत खूप काम आहे. पुण्यात 1986 पासूनचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच. माझ्या नवऱ्याच्या वेळी तिथल्या बायकांच्या सहचरी गटाने मला उभं केलं. तुम्हीही स्वतःसाठी कुणाशी तरी बोला. तोवर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फोन मोफत आहे.

केतकी_क :
सगळ्यांचे आभार. काल भांडण न करता मुचकुंद यांचा तो प्रश्नच विचारला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'झोप देते. पण तुझ्या लेकीला कडेवर घेऊन जिना उतरायची भीती वाटते.' सोमवारची वेळ घेतली आहे, तो येतोय.